खोट्या मयताला दिलेली वाट

३ फेब्रु., सोम.

आमच्या पिक्चरला नाशकात एक थेटर मिळत नाही म्हणे! ‘इथं असला पिक्चर कोण बघणार’, असं थेटरवाला बोलला. अरे, ज्यांच्यावर काढला त्यांनी बघायचाच नाही का? आणि तिकडं फ्रान्सात तिसरा आठवडा. जपानातही लागला. माझ्या शिव्या खाली त्यांच्या भाषेत लिहून येतात, त्यावर लोक हसतात, असं सं. नं मोबाईलवर वाचून दाखवलं. (सं. म्हणजे सूनबाई संगीता. पूर्ण नाव लिहायला हात दुखतो. चौथीपर्यंतच शिकलाय हा हात.)

गल्ला किती झाला तेही वाचायला लागली. म्हटलं, शून्यं मोजत बसू नको, डाळ करपतेय.

ही वही पिक्चर काढणाऱ्या रुचानं दिलेली. गावाला दोन महिने राहिली, माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्या, ‘आजी, रोज लिहा’ म्हणाली. आजवर कोरी होती. लिहिते आता. तिच्याच वहीत तिची खरडपट्टी.

६ फेब्रु., गुरु.

रुचाचा फोन, तिकडूनच. “आजी, चौथा आठवडा! शेवटी लोक उभं राहून टाळ्या वाजवतात.”

मी विचारलं, शेवटी म्हणजे कुठं?

“तुम्ही सगळ्या बाया मयत घेऊन मळ्याच्या वाटेनं जाता ना, तिथं.”

ऐकून डोकंच फिरलं. ती वाट आम्हाला मिळाली कधी? बौद्धवाड्यातनं स्मशानाला जायची सरळ वाट गावातल्या बागायतदार आप्पाच्या मळ्याच्या कडेनं. त्यानं तार ठोकली त्याला वर्षं झाली. तेव्हापासनं आमची मयतं नाल्यातनं जातात. अर्ज केले, तहसील कचेरीपुढं बसलो, हे सगळं पिक्चरमधे आहे. पण वाट?

शूटिंगला म्हणून आप्पानं एक दिवस तार काढली होती. कॅमेरा बघून हरखला, स्वतः पक्कड घेऊन आला. तिरडीवर भुसा भरलेलं पोतं, वर पांढरं कापड. रुचा मला मडकं धरा म्हणत होती. म्हटलं, आमच्यात मडकं नसतं, ठेव खाली. मडक्यापुरती अक्कल चालली माझी. बाकी गपगुमान चालत गेले. संध्याकाळी आप्पानं तार परत ठोकली.

खोट्या मयताला वाट दिली. खऱ्याला नाही.

फोनवर म्हटलं, तू तर बोलली होतीस की हे बायांचं स्वप्न म्हणून मधेच दाखवणार.

“आजी, नुसतं दुःख बाहेर कोणी विकत घेत नाही हो. शेवट आशेचा लागतो.”

बरं. आशा त्यांना, नाला आम्हाला.

९ फेब्रु., रवि.

सिन्नरच्या बसनं गावी गेले. जाऊबाईला बघायला. भागूबाई खाटेला लागलीय, पाणीसुद्धा चमच्यानं. तोंड मात्र धड.

“आली का हिरोईन?”

“आले. ऊठ, मेकप कर.”

“मला कशाला मेकप, माझा रोल झोपूनच हाय.”

हसली, मग खोकली. मग हात धरून बोलली ते लिहून ठेवते. “अक्का, मला नाल्यातनं नको नेऊ. ह्यांना नेलं तेव्हा पोरं घसरली, तिरडी कलली, पाय पाण्यात गेले ह्यांचे. मला दिसतंय आजून.”

मी होते तेव्हा. मलाही दिसतं. तिची चादर झटकली.

येताना नाला बघितला. कालव्याचं पाणी सुटलंय, गुडघ्याच्या वर आहे. तारेपाशी आप्पा उभा. “काय आजी, पिक्चर लय चालतोय म्हणं तिकडं! मग आता वाट कशाला पायजे? इमानात बसून जा.”

मी म्हटलं, तुझा चेहरा पण दाखवलाय तिकडं, आता चार देशांत तोंड लपवत फिर. खोटंच होतं, त्याचा चेहरा नाहीये पिक्चरमधे. पण घरी जाऊन आरशात बघितलं असेल त्यानं.

११ फेब्रु., मंग.

कचेरी. सं. नं अंगणवाडीतनं अर्धी रजा काढली. साहेब नवे. मला बघून खुर्चीतनं उठले! एवढ्या वर्षांत कोणी उठलं नव्हतं.

“अहो आजी, तुम्हीच ना त्या? अभिनंदन! आपल्या मातीतला पिक्चर परदेशात एवढा गल्ला करतो म्हणजे काय. चहा घेणार?”

चहा नको, वाट द्या.

“मिळाली ना वाट? पेपरात वाचलं मी.”

आमची फाईल मागवली. शेवटच्या अर्जाला पेपरचं कात्रण टाचलेलं. तिकडच्या गर्दीचा फोटो, खाली आमचा बायांचा, मळ्याच्या वाटेनं जातानाचा. कोपऱ्यात लाल शाईनं ‘प्रश्न मिटला’, खाली सही. मी बोटानं अक्षर अक्षर वाचलं. सही ह्याच साहेबांची.

मी म्हटलं, साहेब, तिरडीवर पोतं होतं भुशाचं.

साहेब फोटोकडं बघतच राहिले. मग म्हणे, “नव्यानं अर्ज करा. आधी पिक्चरवाल्यांचं लेखी आणा, की शेवट काल्पनिक आहे.”

म्हणजे तार तिथंच आहे हे मी सांगून चालत नाही. गावात जाऊन डोळ्यांनी बघायचं नाही. कागद पाहिजे, तोही पिक्चरवाल्यांचा. तिकडं जेवढी तिकिटं फाटतात तेवढी आमची वाट इकडं ‘मिटते’.

१२ फेब्रु., बुध.

रुचाला फोन लावायला सांगितला. सगळं बोलले, श्वास न घेता. म्हटलं, पिक्चर संपला की पाटी टाक. ‘वाट अजून बंद आहे.’ चारच शब्द. आणि साहेबाला पत्र दे.

ती म्हणाली, “पाटी माझ्या हातात नाही आजी. तिकडं विकणारी कंपनी वेगळी आहे. ते म्हणतील लोक नाराज होऊन बाहेर पडतील, गल्ल्यावर परिणाम होईल.”

पडू देत की नाराज. आम्ही इतकी वर्षं आहोत नाराज, मेलो का?

रडायला लागली. म्हटलं, डोळे पूस आणि पत्र लिही. तुझं रडं टाचता येत नाही फाईलला.

रात्री जेवताना सं. म्हणाली, “आई, जरा जास्तच बोललात.” असेल. पोरगी वाईट नाही. पण टाळ्या घेताना जीभ चालली ना तिची? मग तेव्हाच सांगायचं होतं, वाट बंद आहे म्हणून.

१७ फेब्रु., सोम.

पत्र आलं. सं. नं छापून आणलं. ‘शेवटचे दृश्य काल्पनिक असून वाट प्रत्यक्षात बंद आहे.’ सही, तारीख, सगळं रीतसर. पाटीचं एक अक्षर नाही त्यात. फ्रान्सात पाचवा आठवडा, म्हणजे टाळ्या चालूच.

पत्र घेऊन कचेरीत गेलो. साहेब मीटिंगला. बाबू म्हणाला, “ठेवून जा आजी, उत्तर टपालानं येईल.”

टपालानं! पुतण्याचा सकाळी फोन होता. भागूबाईनं कालपासनं पाणीपण सोडलंय. डॉक्टर म्हणाले, घरीच राहू द्या.

पत्र दिलं नाही. उद्या परत जाणार. साहेबाच्या गाडीपाशी बसणार, म्हणजे चुकवता येणार नाही. सं. ला सांगून ठेवलंय, मी गावी अडकले तर तू बसायचं. बाबूचं उत्तर घ्यायचं नाही. टपाल घ्यायचं नाही. रुचाला मधे घालायचं नाही, तिचं तिला बघू दे. ज्यानं लाल शाईनं ‘मिटला’ लिहून सही केली त्यानंच गावी यायचं, नाला चालून यायचं, आणि भागूबाईच्या खाटेशी उभं राहून तिलाच उत्तर द्यायचं, तिला कुठनं न्यायचं ते.