झाकण पडल्यावर

ता. ७ फेब्रुवारी, वॉर्डातून

चि. भिंगूस, ताईने आडवं पडून पाठवलेले अ. आ.

फोनवर तू शास्त्र सांगतेस आणि मी रडते, म्हणून लिहिते आहे. ह्यांची बस तुझ्याकडूनच जाते, पत्र हातोहात मिळेल. त्यांना चहा पाज, बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालंय.

बाळ सातव्या महिन्यातच येईल असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्याची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून मला स्टेरॉइडची इंजेक्शनं देणार होत्या. मी नको म्हटलं. माझी पहिली मुलगी फुप्फुसं न उघडल्यानेच गेली, हे मी विसरलेले नाही. पण तुझ्या प्रयोगशाळेतली ती उंदराची पिल्लंही डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्यांच्या आयांना गाभण असताना तेच औषध दिलेलं. मी आले होते तेव्हा तुझ्या हातून डब्याचं झाकण पडलं आणि सगळा पिंजरा दचकून उडाला. त्यांच्या मूत्रपिंडात गाळण्याही कमी भरतात म्हणालीस. मी शिवणकाम करणारी बाई. कापड मुळातच कमी बेतलं तर पुढे ओढून पुरत नाही, एवढं मला कळतं.

घेऊ की नको, सरळ सांग. लोभ आहेच, आत्ता उत्तर हवं.

तुझी ताई

ता. ८ फेब्रुवारी

ती. ताईस, कान धरून सा. न.

भाऊजींनी चहा घेतलाच नाही, नुसता कप धरून बसलेत.

तू पाहिलंस ते खोटं नाही. ही संप्रेरकं पोटातल्या बाळाला म्हणतात, आवरा आता. फुप्फुसं झटपट तयार होतात, पण मेंदू आणि मूत्रपिंड अजून वाढत असतात, त्यांनाही ते ऐकू जातं. तुझ्या अंगातलं असलं रसायन बाळापर्यंत जाताना वार बरंचसं अडवते. इंजेक्शनातलं आरपार जातं, म्हणूनच तर ते देतात. पण आमच्या उंदरांना आम्ही ते पुन्हापुन्हा, भरपूर देतो. तुला बेताने, एकदाच देतील. पुढे काहीच होणार नाही असं वचन मी देणार नाही. मूत्रपिंडासाठी रक्तदाब तपासत राहू, दचकलं तर जवळ घेऊ. त्यासाठी आधी त्याला श्वास घेता आला पाहिजे.

पहिलीला मी पाहिलंही नाही, तरी भिंगाखालच्या प्रत्येक कापात मला तीच दिसते. ताई, पत्र खाली ठेव आणि नर्सला हाक मार.

लोभ राहो न राहो, इंजेक्शन घे.

तुझी भिंगू

ता. २ एप्रिल, घरून

चि. मावशीबाईंना अ. आ.

मुठीएवढा आला, पण आल्या आल्या असा रडला की डॉक्टरीणबाई हसायलाच लागल्या. काल घरी आणला. नाक तुझं घेतलंय, त्याला इलाज नाही. रक्तदाबाचं माझ्या लक्षात आहे.

एक गोष्ट ह्यांना सांगू नकोस. तो फार दचकतो. सगळीच तान्ही दचकतात म्हणे, पण मला तुझी पिल्लं आठवतात. आणि तरीही, हे कामावर गेले की मी मुद्दाम झाकण पाडते.

शेवटी पहिलीला माझ्या मांडीवर दिलं होतं, तेव्हा वॉर्डात कुणाच्या तरी हातून झाकण पडलं. खोलीतली सगळी बाळं किंचाळली. माझी हलली नाही. तेव्हा मला कळलं.

हा दोन्ही हात फेकतो, भोकाड पसरतो. मी धावत जाऊन उचलते, तेव्हा कुठे माझा श्वास सुटतो. आज पुन्हापुन्हा पाडलं गं.

लोभ असेल तर लवकर ये, आणि ते झाकण माझ्या हातातून काढून घे.

तुझी ताई