साहेबांना बसायला मखमल

२ ऑगस्ट

आमचं नाव निघालं! घरकुलासाठी घर बघायला मंगळवारी पंचायत समितीचे साहेब येणार — माझा नवरा अफताब कडेगावला जाऊन स्वतः ऐकून आला. तो सांगत होता आणि मी पिठाचे हात तसेच धरून ऐकत होते.

पक्कं छत! धंदा आमचा गाद्या भरायचा, आणि या पत्र्याखाली कापूस ठेवायला एक कोरडा कोपरा नाही. परवाच गिऱ्हाइकाचा कापूस भिजला, अफताबने पदरचा भरून दिला. आता दोन खोल्या काढायच्या. एकीत कापूस, एकीत आम्ही. बास, ठरलं!

शेजारच्या बनुबाईंकडेही येणार आहेत. एकट्याच राहतात, मागची भिंत कधी बसेल सांगता येत नाही. दोघींचंही होऊ दे.

४ ऑगस्ट

अम्मींनी घर डोक्यावर घेतलंय. मी आपलं म्हटलं, साहेब घर बघायला येणार, पाहुणचाराला नाही. सासूबाईच त्या, ऐकतात होय! "दारात आलेला पावणाच की गं. फाटक्या पोत्यावर बशीवणार व्हय त्यास्नी?"

भिंतींना चुना झाला. पत्रा दिसू नये म्हणून खाली साड्या ताणल्या. बनुबाईंनी दिवाण दिला, आरशाचं कपाट दिलं, टेबलफॅनसुद्धा! "आवं, तुमच्याकडंबी येणार हायत," मी म्हटलं. "माज्याकडं कशाला बसत्यात? च्या तुज्याकडंच पितील."

अफताबने तर कहर केला. एका लग्नाची ऑर्डर तयार होती — मखमली गादी, लोड, तक्के — सगळं दिवाणावर मांडलं. माझीच दृष्ट लागायची घराला!

५ ऑगस्ट

आले! बसले! चहा घेतला! "घर छान ठेवलंय," दोनदा म्हणाले. फोनवर फोटो काढले. आमची शिफा लोडाला अशी टेकून बसली, जशी काही सरदाराची लेक. अम्मींना आभाळ ठेंगणं.

मग बनुबाईंकडे गेले आणि लगेच बाहेर आले. बघणार तरी काय, त्यांचं सगळं सामान आमच्याकडे!

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं, ग्रामसभा बसली. ग्रामसेवक म्हणाले, यंदा गावाला एकच घरकुल उरलंय. ते बनुबाईंना. घरात बसायला चटईसुद्धा नाही त्यांच्या.

आणि आम्हाला? "तुमच्याकडं मखमल हाय की!" मागून कुणीतरी ओरडलं. सभा हसली. मलाही हसू आलं — आणि मग एकदम रडू. काय करून बसलो आम्ही! आपल्याच हातांनी!

तेवढ्यात बनुबाई उठल्या. "थांबा! त्यो दिवाण माजा हाय. कपाट माजं. पंखाबी माजाच. आन् गादी लग्नाची व्हती, गेली बी ती परत."

मी त्यांचा पदर ओढत होते, "बसा, आवं बसा की!" बसतात कुठल्या! "खोट्यावर घर न्हाई बांधायचं मला," म्हणाल्या. ग्रामसेवकांनी मिटलेली वही परत उघडली.

दोन्ही घरं परत बघायला येणार! घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. बनुबाईंचं काय होणार, हे मला पार चहा टाकताना सुचलं. लाज वाटली.

२० ऑगस्ट

दिवाण, कपाट, पंखा बनुबाईंच्या घरी परत गेलेत. साड्या उतरवल्या. अम्मी सवयीनं केर काढायला उठल्या — अफताबने झाडूच लपवला! साहेब उभे होते आणि पत्रा गळायला लागला, थेंब नेमका त्यांच्या फोनवर. गळक्या पत्र्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता!

२८ ऑगस्ट

अजून काही कळत नाही. अफताबने घरापुढे काठीनं दोन खोल्या आखल्यात. शिफा त्यात जाऊन झोपून बघते.

२ सप्टेंबर

घरकुल आमचं. कपाट-पंख्यापायी बनुबाईंचं नाव कमी केलं.

पेढे घेऊन पहिल्या त्याच आल्या. अम्मींनी त्यांचा हात धरला, अंगणातल्या रेघांपाशी नेलं. "कापूस आमच्या उशाशी ऱ्हाईल. ही खोली तुजी."

बनुबाईंनी रेघेवरनं चालत खोली पावलांनी मोजली. मग म्हणाल्या, "दिवाण मावंल न्हवं माजा?"