वेचलेला पाला

दि. ३ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. तू पाठवलेली पाल्याची सहाही पोती संपली. कंपोस्टसाठी पाला बारीक करणारं आमचं यंत्र प्रत्येक चाचणीत पास झालं आणि चाचणीपत्रावर मी सही केली. पंधरा तारखेला वीस यंत्रं बागांकडे जातील.

काल सहज रस्त्याकडेचा ओला पाला घातला. दोन मिनिटांत तोंडाशी बोळा बसला. बटण बंद करून झाकण उघडलं, तरी पाती गरगरतच होती. मी हात घालणारच होतो. ताई, तुझा पाला एकदाही कसा अडकला नाही?

सासऱ्यांना सांगितलं, तर म्हणाले, सही तुमचीच ना, जावईबापू? आम्ही राहतो कारखान्याच्या माडीवर. जिना उतरतो तो त्यांच्याच केबिनमध्ये. नोकरी, घर, सासर, सगळ्याला दार एकच.

तुझा धाकटा

दि. ७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अ. आ. पोती भरण्याआधी मी पाला गच्चीवर तीन दिवस वाळवला. काड्या, खडे, दोरे वेचून काढले. पोरांच्या वह्यांतली संस्कृतची अशुद्धं काढण्यात जन्म गेला, मग कचरा तरी अशुद्ध कसा पाठवू? तुझे भावजी विचारत होते, पाला यंत्राला द्यायचाय की पाहुण्यांना वाढायचाय? मी ऐकलं नाही. म्हणजे परीक्षा झालीच नाही. पेपर मीच फोडला होता.

हे पत्र सासऱ्यांना दाखव. मूर्ख म्हणायचं तर मला म्हणू देत. ती पदवी मी रीतसर मिळवली आहे. पण तू सही मागे घे. झाकण उघडणारा माळी तुझ्यासारखा वेळेवर थबकेलच असं नाही. आमची मागची खोली रिकामी आहे. तिथे व्याकरणाचे ग्रंथ आणि मी, दोघांनाही सोसावं लागेल, एवढंच.

रागावलास तरी चालेल, अबोला नको.

ताई

दि. १३ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. पत्र दाखवलं. सासरे दोनदा वाचून हसले. म्हणाले, बहिणीचं मन मोठं, पण पत्राने यंत्र थोडंच थांबतं? मग त्यांच्याच पेनाने मी माझ्या सहीवर आडवी रेघ मारली. हसू थांबलं.

वीसही यंत्रं फाटकाच्या आत आहेत. पाती थांबल्याशिवाय झाकण उघडूच नये, अशी कडी बसवतोय. तीन फसल्या, चौथी घासतोय. सासऱ्यांनी बोलणं टाकलंय. ही मधल्यामध्ये, दोघांनाही जेवायला वाढते आणि कुणाकडेच बघत नाही.

तुझ्या लोभाला सध्या इथे फार काम आहे, त्याला रजा देऊ नकोस. मागच्या खोलीत निघून यावंसं रोज वाटतं. पण मी जिना उतरून गेलो, तर त्याच संध्याकाळी दुसरं कुणीतरी सही करेल. म्हणून बॅग भरलेली आहे आणि मी इथेच आहे.

तुझा धाकटा