तीनशे चारचे बोल्ट

मंगळवार, संध्याकाळ

आज जनूकाकांना मी फसवलं, आणि ते त्यांना कळलं.

जनूकाका म्हणजे बाबांच्या वेळचं गिऱ्हाईक. इतकी वर्षं त्यांच्या होडीच्या सुकाणूला आमच्याच दुकानातले स्टीलचे बोल्ट, आणि तेही नेहमी ३१६ या भारी प्रतीचे. खाऱ्या पाण्यात ३०४ला गंज चढतो, हे मला बाबांच्याही आधी त्यांनीच सांगितलं होतं. आज म्हणाले, "गो बाय, आठ बोल्ट दी. तीनशे चारचे."

मला वाटलं, चुकून म्हणाले. "काका, ते दोन-तीन वर्षांत गंजतील."

"म्हायती आसा. तितकीच वर्सां माका होयी." मग खाली बघत मुलाचं सांगितलं, "झिलान काल दुबैसून फोन केल्यान. 'मी परत येवचंय नाय', असां तो म्हणालो. माज्यामागे ती होडी कोण चलवतलो?"

मी आत गेले आणि ३१६चेच बोल्ट पुडीत बांधून आणले. का केलं असं? त्यांच्या होडीचे बोल्ट गंजलेले बघवले नसते, एवढंच.

त्यांनी तिथेच पुडी सोडली. बोल्टच्या माथ्यावर ३१६ची खूण उठवलेली असते. चष्मा नव्हता, म्हणून अंगठा फिरवून वाचली. हळू, दोनदा. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ह्ये ठेव," म्हणाले. "ज्येचो झील दर्यात जाता, तेका दी."

मग मी ३०४चे दिले. त्यांवरून अंगठा फिरवला नाही. न बघताच खिशात टाकले.