नेलोकाकांचा भूकंप आणि माझा ठिपका

तीर्थरूप नेलोकाकांना रेमेईचा नमस्कार. (साष्टांग नाही. कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? फिनेताकाकूंचा खोकला? तुमचा डावा कान अजून शाबूत असेल तर काकूंकडून हे पत्र मोठ्यानं वाचून घ्या, कारण मी ते ओरडतच लिहिते आहे.

काका, तुम्ही माझ्या जिवावर उठला आहात का?

शुक्रवारी पैसे देणारी ब्रसेल्सची मंडळी माझी चिप बघायला येणार, हे तुम्हाला सांगितलं ती झक मारली. त्या नखाएवढ्या चिपवर मी तीन वर्षं डोळे फोडलेत. तिच्यावर शेकडो बारीक फटी आहेत. प्रत्येकीतून प्रकाश शेजारणीपेक्षा किंचित उशिरा सोडला की सगळ्यांचा मिळून एक झोत होतो आणि हवा तिकडे वळतो. आरसा नाही, मोटर नाही, काही म्हणजे काही हलत नाही. (तुम्ही फटाक्यांच्या वाती लांब-आखूड कापून बारांची लय धरता, त्यातलाच प्रकार. म्हणून तर तुमच्याकडून थोड्या अकलेची अपेक्षा होती.) या झोतानं उद्या बिनचालकाच्या गाड्या रस्ता बघतील. पण मंडळी खूश झाली तरच काम पुढे चालणार, नाहीतर मी परत आईच्या दुकानात ओर्चाताचं सरबत ओतायला.

दाखवायचं ठरलं होतं अकराला. पण आमचे साहेब, डॉक्टर सेम्पेरे! पाहुण्यांना घेऊन न्याहारीला गेले. शेंगदाणे, ऑलिव्ह, हातभर लांब पाव, मग रम पेटवून केलेली कॉफी, मग आणखी एक. मी म्हटलं, "डॉक्टर, उशीर होतोय." तर म्हणे, "अगं, उपाशीपोटी कुणाला प्रकाश दिसलाय का?" वर त्यांचं भाषण. चिपपर्यंत लेझर आणणारी काचेची तार डिंकानं पक्की चिकटवू का, असं मी महिनाभर विचारत होते. "नको, एकदा चिकटली की मग हलवता येत नाही," हेच पालुपद. म्हणून ती बिचारी नुसत्या चिमट्यात, चिपच्या तोंडाशी लटकलेली.

अखेर दोनला दिवे मालवले. पडद्यावर माझा पांढरा ठिपका उमटला, मी सांगेन तसा डावीकडे गेला, उजवीकडे आला. व्हेर्लिंडेनबाई (ब्रसेल्सच्या मुख्य, चेहरा इस्त्री केलेला) पहिल्यांदाच हसल्या. डॉक्टर छाती फुगवून म्हणाले, "बघा, इथे काहीच हलत नाही!" आणि मागच्या चौकात, सणात रोज दोनला उडते ती, तुमची बारांची मास्क्लेता सुरू झाली.

सुरुवातीचे बार ठिपक्यानं थरथरत सोसले. मग आला सगळे बार एकदम उडवणारा तुमचा शेवटचा भूकंप. खिडक्या धडधडल्या, भिंतीवरचं घड्याळ डॉक्टरांच्या खांद्यावर उतरलं, तार चिमट्यातून सटकली आणि ठिपका गेला तो गेलाच. मी चिमट्याचा स्क्रू शोधत टेबलाखाली रांगतेय (कंबर!), आणि आमची झाडून सगळी माणसं बाल्कनीत टाळ्या पिटताहेत! डॉक्टरसुद्धा. डोळे पुसत म्हणतात, "काय भूकंप केला! नेलोचा हातच वेगळा." मला तर तो स्क्रू त्यांच्या नाकात घालावासा वाटला.

संध्याकाळी काकूंकडून कळलं, तुम्ही बारांत नेहमीच्या दुप्पट दारू भरली होती. का, तर "पोरीकडे पाहुणे येताहेत, तिची मान ताठ व्हायला हवी." माझी मान टेबलाखाली होती, काका! दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी पोलिसांत गेले असते. तुम्ही प्रेमानं केलंत, म्हणून संताप गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. यापुढे माझ्यावर प्रेम करायचं तर दोन गल्ल्या सोडून करा.

तुमची (सध्या नाइलाजानं) पुतणी,
रेमेई

ता.क. काकू, हे त्यांना जेवण झाल्यावरच वाचून दाखवा. पाएल्याचा भात वाया जायला नको.

आणखी ता.क. व्हेर्लिंडेनबाई निघताना म्हणाल्या, गाडी खड्ड्यांतून जाणार, एवढ्यानं गळपटणारा झोत काय कामाचा? मंगळवारी, सणाच्या मुख्य दिवशी, मुद्दाम मास्क्लेताच्या वेळी, दोनला त्या परत येताहेत. ह्याच हादऱ्यात ठिपका जागचा हलला नाही तर काम चालू, नाहीतर कायमचं बंद. तार मी डॉक्टरांना न विचारता चिकटवून टाकली आहे.

शेवटचा ता.क. तेव्हा मंगळवारी दारू तेवढीच भरा, दुप्पट. माझी कीव येऊन चिमूटभर जरी हात आखडलात, तर गाठ माझ्याशी आहे.