सुपारी फोडणारे दात

मस्तगड, जालना
१२ फेब्रुवारी १९९८

ती. कारभारीदादांना,
धाकट्या दुर्गेचा नमस्कार.

परवा तुमच्याकडे धावड्याला आले, तेव्हा तुम्ही भाकर दुधात कुस्करून खात होतात. "काहून?" विचारलं, तर म्हणालात, "दात हलून राह्यले, दुर्गे." आणि हात धुतल्यावर त्याच दातांनी सुपारी कडकन फोडलीत!

दादा, घास छातीत अडकतोय ना? मीही हेच लपवलं होतं. दहा वर्षं छातीत जळायचं, आणि मी ठेचा खाऊन वर पाण्यात सोडा घालून प्यायचे. घास अडकायला लागला, तेव्हा ह्यांनी दवाखान्यात नेलं. घशातून नळी घालून बघितलं. मला वाटलं, आता संपलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, पोटातलं आम्ल वर येऊन अन्ननलिकेला जखम झाली आहे. कॅन्सर नाही, पण सोड्यावर आणखी वर्षं काढली असती, तर सांगता आलं नसतं."

आता सकाळी उपाशीपोटी गोळी घेते, दिवेलागणीलाच जेवते. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या आहेत. काल भाकर न कुस्करता खाल्ली.

हे पत्र पोस्टमन तुम्हाला पारावर वाचून दाखवील, आणि चारचौघांसमोर तुम्ही पुन्हा सगळं दातांवर ढकलाल. म्हणून ते पोस्टात टाकत नाही. उद्या सकाळच्या भोकरदनमार्गे गाडीनं ते घेऊन मीच येते, घरातच तुम्हाला वाचून दाखवते आणि दवाखान्यात नेते. नळी घालताना हात धरायला मी आहे. सुपारी मात्र घरीच ठेवा.

तुमची, भाकर चावून खाणारी
दुर्गा