अम्माचा मुक्काम

२ मे २०२१

आलो एकदाचे पुण्याहून सोलापूरला! माझ्या नवऱ्याला, गुरूला, चिंचोळी एमआयडीसीत इंजिनिअरची नोकरी लागली. राहणार सासूबाईंच्याच फ्लॅटवर, जुळे सोलापुरात. सासूबाई, म्हणजे सावित्रम्मा, मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरतात आणि मी नुसती हसते. माझ्या सहा वर्षांच्या रुद्राणीला त्यांनी आल्या आल्या शेंगाचटणी-भाकरी भरवली. पोरगी हाशहुश करत खात होती.

१४ मे

घरात सगळ्यांना करोना. एकही शेजारीण फिरकली नाही. रुद्राणी मात्र एका दिवसाच्या तापावर निभावली. पोरांना काही होत नाही, असं जो तो सांगतो. मीही हुश्श केलं.

८ जून

रुद्राणीला पुन्हा ताप, उतरतच नाही. आज अंगभर पुरळ, डोळे लाल, जीभ लालबुंद. सासूबाईंनी तिलाच हात जोडले. म्हणाल्या, अम्मा आलीया, गोवराची देवी. ताप म्हणायचं न्हाय. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. फोडणी बंद, देवीला वास सोसत नाही म्हणून. दवाखान्याचं नाव काढलं, तर म्हणाल्या, अम्मा आपणहून जाईस्तोवर पोरीला उंबऱ्याभायेर न्यायचं न्हाय. आणि गुरू मान डोलावतो! एवढा शिकला ते काय चुलीत घालायला?

९ जून

मुलांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांना हा गोवर वाटत नाही. करोना होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी एखाद्या मुलाचं शरीर स्वतःवरच उलटतं म्हणे, सूज हृदयापर्यंत जाते. आजच्या आज ॲडमिट करा, वेळेत आणलं तर बहुतेक मुलं बरी होतात, असं ते म्हणाले. हे गुरूला सांगितलं. त्यावर तो म्हणतो, आईनं चार पोरं वाढवलीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मीच रिक्षा बोलावली. रिक्षावाला वर आला, दारातला पाला पाहिला, चपला काढून लांबूनच नमस्कार केला आणि निघून गेला.

१० जून, सकाळ

डहाळा ओरबाडून फेकला. रुद्राणीला उचललं. गुरूनं — तिच्या बापानं — माझ्या हातातून हिसकावली. अम्मा कोपेल म्हणे. कोपू दे! मला आतल्या खोलीत कोंडलंय. मोबाईल त्यांच्याकडे.

दुपार

खिडकीतून ओरडले. खालून लोक वर बघतात आणि हात जोडतात. त्यांना वाटतंय माझ्याच अंगात —

पुन्हा

दाराच्या फटीतून दिसतंय. शेजारणी ओटी घेऊन आल्यात. आता आल्या! रुद्राणी थरथरली तर म्हणाल्या, अम्मा डोलतीया.

आता हलत नाही. म्हणतात, अम्मा शांत झाली.

अगं मूर्खांनो, ओठ निळे पडलेत तिचे —

एकेक बाई पायांवर डोकं टेकतेय. कपाळाला लागत नाही का गं एकीच्याही, ते पाय किती गार —